सळई, तार आणि तेल : हिंगोलीच्या रस्त्यांवरचा सायकलचा ब्रेक

सायकलस्वाराच्या बोटांचा जोर चाकापर्यंत नेण्याच्या तीन रीती हिंगोलीच्या रस्त्यांनी आजवर पाहिल्या: आधी सळई, मग तार आणि अगदी अलीकडे तेल. सळयांचा ब्रेक इंग्लंडहून आलेल्या काळ्या, उंच सायकलींबरोबर आला आणि भारतात सायकली बनू लागल्यावरही कित्येक दशके टिकून राहिला. तारेने त्याची जागा हळूहळू घेतली. तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आला तो लांब पल्ल्याच्या महागड्या सायकलींवर. आता सामान लादून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याला तारेचा डिस्क घ्यावा की तेलाचा, हे ठरवावे लागते. प्रश्न नवा वाटतो, पण सळई सोडून तार घेतानाही तो वेगळ्या रूपात उभा राहिला होता. दोन्ही वेळा उत्तर ठरवताना ब्रेक किती घट्ट धरतो एवढेच पाहून भागले नाही. तो बिघडल्यावर वाटेत कोण दुरुस्त करील, हेही पाहावे लागले.

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि पूर्णेहून मीटरगेजचा फाटा गावापर्यंत आला होता. सायकल त्या काळी परदेशी वस्तू होती. मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला संस्थानच्या हद्दीत शिरताना करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, भरावी लागे. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी सायकल घेणे हे सरकारी नोकर, वकील, मास्तर किंवा बऱ्यापैकी व्यापारी यांनाच परवडे. घेतलेली सायकल जन्मभर पुरावी आणि पुढे मुलाच्या कामी यावी, अशा हिशेबानेच ती घेतली जाई. सळयांचा ब्रेक या हिशेबात चपखल बसत होता.

त्याआधीच्या ब्रेकचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पुढचे चाक माणसाएवढे उंच असलेल्या जुन्या सायकलींना चमच्याच्या आकाराचा ब्रेक असे. लोखंडी चमचा दांडीने खाली दाबला की तो भरीव रबराच्या टायरवर घासत असे. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. टायर महाग झाला आणि नाजूकही. त्यावर लोखंड घासणे परवडेना, म्हणून ब्रेक टायर सोडून रिमवर आला. रिमवर दाबणारा ब्रेक लोकांच्या हाती सर्वाधिक काळ राहिला तो सळयांच्या रूपात.

त्याची रचना साधी होती. हँडलच्या मुठीखाली मुठीला समांतर एक कांब असे. बोटांनी ती वर ओढली की तिला जोडलेली सळई वर सरके आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी उतरलेली यू आकाराची पट्टी वर उचलली जाई. पट्टीच्या टोकांना रबराचे दोन ठोकळे असत. ते रिमच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांच्या बाजूच्या कडेवर दाबले जात. मागच्या चाकाची सळई खालच्या नळीला धरून पायडलच्या धुऱ्यापाशी येई आणि तिथल्या सांध्यावर वळून मागे जाई. या सगळ्या यंत्रणेत घाण साचेल अशी बंद जागा नव्हती, आतल्या आत कुजणारी तार नव्हती. सगळे सांधे उघडे, डोळ्यांना दिसणारे आणि पान्याच्या टप्प्यातले. सळई वाकली तर हातोडीने सरळ करता येई, खिट्टी पडली तर खिळा वाकवून घालता येई, रबर झिजले तर नवे मिळे. ते मिळेपर्यंत जुन्या टायरचा तुकडा कापून बसवला तरी गावापर्यंत पोचता येई.

स्वातंत्र्यानंतर सायकल देशी झाली तरी ब्रेक तोच राहिला. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना आधीपासून होता. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूर येथे मुरुगप्पा घराणे आणि बर्मिंगहॅमची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी मिळून टीआय सायकल्स उभी केली. तिथून हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए ही इंग्रजी नावे देशी पोलादावर उमटू लागली. आसनसोलला सेन-रॅले आली, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आली, १९५६ मध्ये लुधियानात मुंजाल बंधूंची हिरो सायकल्स सुरू झाली. हिरो पुढे १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली. अठ्ठावीस इंची चाकांची, सुमारे वीस किलो वजनाची काळी सायकल हाच या कारखान्यांचा मुख्य माल होता. लुधियानात ब्रेकचे सुटे भाग बनवणारे लहान कारखाने वाढले आणि सळया, पट्ट्या, रबरे, खिट्ट्या देशभरातल्या तालुक्यांत मिळू लागल्या. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या सायकलला बसे. सुटे भाग असे अदलून-बदलून बसत हे या सायकलीचे मोठे बळ होते आणि ते फारसे कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

बाजारपेठेच्या गावांत सायकल मिस्त्रीचे दुकान उभे राहिले ते याच पायावर. अशा दुकानात तासावर भाड्याने सायकली मिळत. भाड्याच्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत मुले सायकल शिकत. मिस्त्रीकडे पाने, हातोडी, पंक्चरचे सामान, पाण्याची परात, हवेचा पंप, छर्रे आणि ग्रीस एवढी सामग्री असली की भागे. चाकाचा औट काढणे हे त्याचे कसबाचे काम होते आणि सळयांच्या ब्रेकला त्याची फार गरज पडे. रिम जरा जरी डुगडुगली तरी रबर एका जागी घासते आणि पुढच्या जागी सुटते. म्हणून ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाच्या चाकाचे आरे मिस्त्री आधी तपासायचा. सायकलीच्या रचनेची ही समज पुस्तकातून आलेली नव्हती. उस्तादाच्या हाताखाली पोरवयात बसून ती मिळत असे आणि तिची किंमत आजही कमी लेखली जाते.

या ब्रेकचा मोठा दोष पावसात उघडा पडे. रिम पोलादाची, वर निकेल-क्रोमचा मुलामा. त्यावर पाणी आले की रबर नुसते सरकत राही आणि सायकल थांबायला कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागे. मराठवाड्यात त्यात काळ्या मातीची भर पडते. कापसाच्या रानातला ओला चिखल टायरला चिकटतो, मडगार्डमध्ये भरतो, ब्रेकच्या पट्टीखाली दाबून बसतो आणि शेवटी चाक फिरेनासे होते. चिखलाच्या वाटेने सायकल ढकलत नेणे किंवा खांद्यावर घेणे हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार होता. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात खडीचे रस्ते मोठ्या प्रमाणावर झाले, तेव्हा गावे रस्त्याला लागली आणि सायकलचा वर्षभराचा उपयोग वाढला. दूधवाल्याच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकलेले असत, भांडीवाल्याच्या कॅरिअरवर माणसाच्या उंचीची थप्पी असे, पोस्टमन आणि मास्तर रोज गावोगाव फिरत. आजच्या भाषेत ज्याला टुरिंगचा भार म्हणतात तो दूधवाल्याने सळयांच्या ब्रेकवर वर्षानुवर्षे वाहिला. त्याची चाल हळू होती आणि उतारावर तो खाली उतरून चालत असे, म्हणूनच ते निभावले.

तार आधीच जन्मली होती. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले. पोलादी तारांचा पीळ आतून धावतो आणि वेटोळे केलेल्या पोलादी तारेचे कव्हर त्याला बाहेरून धरून ठेवते. आतली तार जितक्या जोराने ओढावी तितकाच जोर कव्हर उलट्या बाजूने सोसते, त्यामुळे तार वाकडीतिकडी वळवूनही ओढ पोचते. सळईला हे जमत नाही. तिला सरळ वाट लागते, म्हणून हँडलचा आणि फ्रेमचा आकारही तिच्या सोयीने ठरतो. तारेने सायकलीला या बंधनातून मोकळे केले. युरोपात चिमट्यासारखा कॅलिपर ब्रेक रुळला तरी भारतातल्या खेड्यांत सळई बराच काळ हटली नाही, आणि त्याला सबळ कारण होते. कव्हरच्या आत पाणी व धूळ गेली की तार गंजते, जड होते आणि मुठीपाशी एकेक धागा तुटत अचानक दगा देते. पुढे तार स्वस्त झाली, हलक्या आणि गिअरच्या सायकली आल्या, मिस्त्रीच्या दुकानात ब्रेक वायरचे जुडगे टांगलेले दिसू लागले. तेव्हाच तारेचा ब्रेक खेड्यात विश्वासाचा झाला. दुरुस्ती गावात पोचली आणि मग वस्तू रुजली, असा हा क्रम आहे.

शिमानो कंपनीने १९९६ मध्ये आणलेल्या व्ही-ब्रेकने तारेच्या रिम ब्रेकला पुरेसा जोर मिळवून दिला. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर तो ओल्यातही बऱ्यापैकी धरतो. तरी रिमचा मूळ दोष उरतोच. ती जमिनीजवळ फिरते, चिखलात बुडते, ब्रेकखाली झिजत जाते आणि लांब उतारावर तापते. ब्रेक रिमवरून काढून चाकाच्या मध्याशी वेगळ्या पोलादी चकतीवर नेला की हे दोष एकदम कमी होतात. कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्ये घेतले होते, पण त्याचा बोलबाला झाला १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने तो मोटारसायकलवर सर्वतोमुखी केला. भारतात १९९९ ची हिरो होंडा सीबीझी आणि २००१ ची बजाज पल्सर यांच्या पुढच्या चाकावर चकती आली. यानंतर तालुक्याच्या मोटारसायकल गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढणारे हात तयार झाले आणि ऑटो पार्टच्या दुकानात ब्रेक ऑइलची बाटली कायमची आली. सायकलच्या इतिहासात ही गोष्ट बाजूची वाटते, पण आजच्या निवडीत तिचा वाटा आहे.

सायकलच्या तारेच्या डिस्कमध्ये मुठीपासून कॅलिपरपर्यंत नेहमीचीच ब्रेक वायर असते. तार एक लहान दांडी ओढते, दांडी फिरली की पॅड चकतीवर दाबले जाते. बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलते. ते चकतीला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर टेकवते. चांगल्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅडे सरकतात. पॅड झिजले की ते चकतीपासून दूर राहते आणि मूठ हँडलपर्यंत जाऊ लागते. मग हाताने स्क्रू फिरवून ते पुढे घ्यावे लागते. चिखलपाण्याच्या दिवसांत हे काम वरचेवर करावे लागते. तार कव्हरला घासते आणि नेहमीचे वेटोळ्याचे कव्हर दाबाखाली थोडे आखडते, त्यामुळे बोटांचा काही जोर वाटेतच खर्ची पडतो. लांब उतारावर हात दुखतात ते याच कारणाने.

तेलाच्या ब्रेकमध्ये हा खर्च जवळजवळ नाही. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा नियम, आणि मुठीतला लहान दट्ट्या व कॅलिपरमधले मोठे दट्टे यांच्या क्षेत्रफळातल्या फरकाने जोर कैक पटींनी वाढतो. एका बोटाने भरली सायकल थांबते, आणि किती दाबले म्हणजे किती थांबेल याचा अंदाज बोटांना नेमका येतो. दट्ट्याभोवतीचे चौकोनी रबरी कडे ब्रेक दाबताना पिळले जाते आणि सोडताना दट्ट्याला किंचित मागे घेते. पॅड झिजत गेले की दट्ट्या कड्यातून थोडा पुढे सरकून नव्या जागी थांबतो, म्हणून झिजेची भरपाई आपोआप होते. पाणी आणि धूळ नळीत शिरत नाही. रोजच्या वापरात तेलाचा ब्रेक तारेपेक्षा कमी लक्ष मागतो हे मान्यच करायला हवे. तो नाजूक असतो हा समज बराचसा चुकीचा आहे.

अडचण येते ती क्वचित, पण आली की मोठी असते. सायकल पडून नळी चिरली, रेल्वेच्या डब्यात वाकवून ठेवताना सांधा सैल झाला किंवा आत हवा शिरली, तर मूठ पोकळ होते आणि रस्त्यावर जुगाड करून ती परत आणता येत नाही. त्यात तेल दोन जातींचे. शिमानो आणि मागुरा खनिज तेल वापरतात, तर एसआरएएमच्या (स्रॅम) बऱ्याच ब्रेकमध्ये आणि होपच्या ब्रेकमध्ये डॉट जातीचे द्रव लागते. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक बाद होतो. इथे मोटारसायकलींनी घडवलेला बदल उपयोगी पडतो. डॉट ४ ची बाटली वसमत, कळमनुरी किंवा वाशीमच्या ऑटो पार्टच्या दुकानात मिळते आणि हवा काढण्याची रीत गॅरेजवाल्याला ठाऊक असते. सायकलसाठीचे खनिज तेल मात्र मोठ्या शहरातच मिळते. डॉट द्रवाचे दोषही आहेत. ते हवेतली ओल शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ साठी ताज्या द्रवाची किमान मर्यादा २३० अंश सेल्सिअस आहे, ओल शोषलेल्याची १५५. शिवाय ते रंगावर सांडले तर रंग उडतो.

निवड करताना प्रवासाचा रस्ता पाहावा लागतो. भारासह ११० किलोची सायकल ताशी २५ किलोमीटरवरून थांबवायला ब्रेकला सुमारे २,६०० ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच सायकल ५०० मीटर उंचीचा घाट संथपणे उतरली, तर हवेचा आणि रस्त्याचा विरोध वजा करण्यापूर्वी हा आकडा ५,४०,००० ज्यूलच्या घरात जातो. म्हणजे सपाटीवर दोनशे वेळा थांबण्याइतके काम एका उतारात होते. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याच्या बाजूला डोंगर आहेत, पण सह्याद्रीसारखा सलग उतार नाही. कायाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यांत चढउतार लहान आहेत. अशा मुलखात चांगला तारेचा डिस्क पुरून उरतो. सिमला-मनालीकडे किंवा सह्याद्रीच्या घाटांत भार घेऊन वारंवार जाणाऱ्याची बोटे मात्र तेलाला दुवा देतील.

या भागातून लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाला एक जवळचे निमित्तही आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हिंगोली तालुक्यात आहे. त्यांच्या वास्तव्याने ओळखले जाणारे घुमान पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात आहे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरले होते. २०२२ पासून पंढरपूर ते घुमान अशी दोन हजारांहून अधिक किलोमीटरची सायकल यात्रा निघू लागली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी त्याआधीच सुरू झाली होती. महाराष्ट्राला ही हौस नवी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून मार्च १९२८ मध्ये परतले.

नर्सीहून उत्तरेला घुमानकडे निघालेला सायकलस्वार कनेरगाव, वाशीम, अकोला अशा वाटेने जातो, सातपुडा आणि विंध्य ओलांडतो आणि मग माळवा व राजस्थानच्या मोकळ्या मुलखात शिरतो. मोठे उतार सातपुडा-विंध्याच्या टापूत थोडे, बाकी वाट बहुतेक सपाट. वाटेतल्या गावांत ब्रेक वायर आणि पाना मिळतोच मिळतो. मानव विकास कार्यक्रमाचा २०११ मध्ये विस्तार झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या २२ जिल्ह्यांतले १२५ तालुके त्यात आले. हिंगोली त्यांपैकी एक जिल्हा. शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना त्यातून सायकली मिळाल्या आणि खेड्यातल्या दुरुस्तीच्या धंद्याला गिऱ्हाईक राहिले. या सगळ्याचा विचार करता घुमानसारख्या प्रवासाला तारेचा डिस्क अधिक भरवशाचा ठरतो. कॅलिपर दोन्ही पॅडे हलवणारा घ्यावा, चकती १६० मिलिमीटरची, भार जास्त असेल तर पुढे १८० ची, आणि कव्हर दाबाखाली न आखडणाऱ्या जातीचे, म्हणजे सरळ तारांचे. असे कव्हर लावल्यावर तारेच्या ब्रेकचा बोटांना येणारा मऊपणा बराच जातो.

तार ओढणारी आणि तेल दाबणारी अशी मिश्र रचनाही निघाली आहे. तिच्यात मुठीपासून तार येते आणि कॅलिपरमध्येच तेलाची लहान टाकी असते. झिजेची भरपाई आपोआप होते आणि लांब नळी नसल्याने ती चिरण्याचा प्रश्नही मिटतो. तार तुटली तर गावात बदलता येते, तेलाचा भाग बिघडला तर मात्र शहरच गाठावे लागते. तेलाचाच ब्रेक घेणाऱ्याने सायकल रेल्वेत चढवताना चाक काढले असेल तर पॅडांच्या मधे पुठ्ठा किंवा प्लास्टिकची पाचर घालावी, नाहीतर चुकून मूठ दाबली गेली की दट्टे बाहेर येऊन अडकतात. कोणताही डिस्क असला तरी पॅडांचा एक जादा जोड पिशवीत हवा, कारण पॅडांचे आकार कंपनीगणिक वेगळे असतात आणि तालुक्याच्या दुकानात नेमका तोच मिळेल याची खात्री नसते. पावसाळ्यातल्या प्रवासाला धातुमिश्रित पॅडे राळेच्या पॅडांपेक्षा जास्त टिकतात. ती थोडा आवाज करतात, आणि चकती तशी पॅडे चालणारी आहे ना हे तिच्यावरचा शिक्का वाचून आधी पाहून घ्यावे लागते.